असेंब्ली सुरू आहे

नाही, पण तुम्हीच सांगा, पुढे गेलेला ठिपका मागे येतो का हो कधी? माणूस मागे येतो, समजू शकतो, पाकीट विसरला, छत्री विसरली, बायकोनं हाक मारली, आला मागे. पण ठिपका? आदल्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत 'टेस्टिंग'वर होता, हिरवागार, आणि सकाळी बघतो तर पुन्हा 'असेंब्ली'वर! मी डोळे चोळले, चष्मा पुसला, ते पान बंद करून परत उघडलं, मग बायकोच्या फोनवर उघडलं, म्हटलं माझ्या फोनचं माझ्याशी काही वाकडं असेल, तिच्याशी तरी खरं बोलेल... तिथंही तेच! 'आपल्या कॉम्प्युटरची असेंब्ली सुरू आहे.' अरे, कधीची सुरू आहे! एवढ्या वेळात माणसं घर बांधून राहायला जातात, भिंतीला ओल येते, शेजाऱ्यांशी भांडण होऊन बोलणं बंद होतं!

थांबा, थांबा. नीट सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा ठिपक्यावरून एवढा का पेटलाय. तुम्हाला सांगतो, माझा धंदा काय, तर नसलेल्या इमारती दाखवणं. हसू नका! आर्किटेक्ट लोक कागदावर रेघा मारतात, त्या रेघांची मी कॉम्प्युटरवर फिल्म करतो. म्हणजे बघा, फाटकातून आत शिरलात, पायऱ्या चढलात, काचेचं दार उघडलं, आत ऊन तिरकं पडलंय, बाहेर झाडाची पानं हलतायत, बाकावर एक बाई पुस्तक वाचत बसलीय... यातलं काही म्हणजे काही अस्तित्वात नाही! ना दार, ना बाई. पण बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की आत्ता जाऊन बाईच्या शेजारी बसावं. ही कला आहे, मंडळी. आणि झाडं ही माझी खासियत. माझ्या झाडाचं प्रत्येक पान वेगळं, प्रत्येक पानाची सावली वेगळी. जुन्या ऑफिसात मला 'माळी' म्हणायचे. म्हणोत.

तर त्या ऑफिसातली बांधलेली नोकरी मी सोडली. आपलं आपण काम करायचं म्हणून. साहेबांनी राजीनामा हातात घेतला, वाचलासुद्धा नाही, नुसते हसले आणि म्हणाले, "जा बाबा, जा. तुझी खुर्ची ठेवतो रिकामी." ते हसणं! अजून कानात आहे माझ्या. दाढी करताना ऐकू येतं.

आणि सोडल्यावर पहिलंच मोठं काम आलं ते आर्किटेक्टबाईंचं. गावाचं नवं वाचनालय. महिन्याभरानंतरच्या गुरुवारी समितीपुढे फिल्म दाखवायची, समितीला पटलं की बाईंची पुढची सगळी कामं माझ्याकडे. आता या बाई कशा बोलतात ऐका, श्वास घेत नाहीत! "अहो, ऐका, ती खिडकी डावीकडे घ्या, जिना काढा, नाही नाही, जिना असू दे, खांब बारीक करा, फक्त एवढं एकच!" चार गोष्टी सांगतात आणि वर 'फक्त एवढं एकच'! तुम्हाला सांगतो, या तीन शब्दांनी माझ्या आयुष्याची जेवढी नासाडी केलीय ना, तेवढी कुणी केली नाही. खिडकी डावीकडे घ्या म्हणे! खिडकी डावीकडे गेली की ऊन डावीकडे जातं, उनाबरोबर सावल्या जातात, ती वाचणारी बाई अंधारात बसते, सगळी फिल्म पुन्हा पहिल्यापासून! पण त्यांना सांगणार कोण? आणि शेवटी शांतपणे म्हणाल्या, "गुरुवार चुकला तर मात्र मला तुमच्या जुन्या ऑफिसला काम द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका." म्हणजे काम तिकडे, आणि कामापाठोपाठ मी तिकडे, आणि ती रिकामी खुर्ची, आणि ते हसणं. आणि गुरुवार चुकणार हे मला दिसत होतं!

कारण माझं जुनं मशीन! त्याला मशीन म्हणायचं म्हणजे... जाऊ दे, गरिबानं खूप काम केलंय. पण एक झाड दाखवलं की धापा टाकायला लागतं. मी त्याचं झाकण काढून ठेवलंय आणि शेजारी स्टुलावर टेबलफॅन लावलाय, त्याला वारा लागावा म्हणून. घरात उकडत असलं तरी फॅन त्याच्याकडेच! आई म्हणाली, "मी तुला जन्म दिला, माझ्याकडे कधी फॅन फिरवला नाहीस."

म्हणून नवं मशीन घ्यायचं ठरलं. दुकानातलं तयार नाही, खास बांधून घ्यायचं, आपल्या कामाच्या मापाचं. सगळ्यात दांडगा प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड तर एवढं की त्याच्या वजनानं खाली वाकू नये म्हणून त्याला आतून टेकू देतात! अख्खं जंगल लावा म्हणे, श्वाससुद्धा चढणार नाही. परगावी एक जण आहे, हातानं एकेक मशीन बांधतो. एकटाच. बांधणारा तोच, फोन घेणारा तोच, खोक्याला पट्टी मारणारा तोच. त्याचं नाव मी 'सावकाश' ठेवलंय, कारण प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू. "सावकाश बोला... हां... सावकाश होऊ द्या..." असा बोलतो की दोन शब्दांच्या मध्ये आपला चहा पिऊन होतो. पण हात सोन्याचा, असं सगळे म्हणाले. ऑर्डर दिली. त्यानं सांगितलं, त्या गुरुवारच्या आठवडाभर आधीच पोचेल, काळजी नको. आणि ते पान दिलं, ठिपक्याचं. ऑर्डर मिळाली, पार्ट आले, असेंब्ली, टेस्टिंग, रवाना. ठिपका चालला होता हो बिचारा आपला आपण पुढे!

आणि मग आला माझा मेहुणा.

आता मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, त्याचं काम विम्याचं, पण कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ बघून बघून त्याच्या अंगात एक तज्ज्ञ शिरलाय. आला, सोफ्यावर बसला, पाय वर घेतले आणि म्हणाला, "भावोजी, प्रोसेसर थंड ठेवायला कूलर कुठला घेतलात?" मी सांगितला. त्यानं काही न बोलता नुसती मान हलवली. अशी! डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून हलवतात ना, तशी. मी म्हटलं, "काय झालं रे?" "नाही, घेतलाय ना, असू दे आता." असू दे आता? हे काय बोलणं झालं? माणसाला झोप लागेल का? मी लगेच 'सावकाश'ला फोन लावला, म्हटलं, "ते जरा कूलर तेवढा वरचा घाला. फक्त एवढं एकच!"

ऐकलंत? कोण बोललं हे? मी! माझ्याच तोंडून! पण तेव्हा कळलं नाही हो. माणसाला स्वतःचा आवाज कुठं ऐकू येतो?

'सावकाश' म्हणाला, "हां... होईल... सावकाश..." झालं. दोन दिवसांनी मेहुणा परत. "भावोजी, रॅम एवढीच?" फोन! "रॅम तेवढी दुप्पट करा, फक्त एवढं एकच!" मग बायको म्हणाली, "अहो, कॅबिनेट काळं कशाला? काळ्यावर धूळ दिसते, पुसायचं मलाच." फोन! "पांढरं करा, फक्त एवढं एकच!" मग मेहुणा म्हणाला पांढऱ्या कॅबिनेटात आतल्या वायरी काळ्या वाईट दिसतात. आता मला सांगा, वायरी बघायला आत कोण जाणार आहे? पण फोन! आणि तो ठिपका पुढे जातोय, मागे येतोय, पुढे जातोय, मागे येतोय... मला वाटलं पानात बिघाड आहे! देवाशपथ, मी त्याला पान दुरुस्त करायला सांगण्यासाठीसुद्धा फोन केला!

तर ज्या सकाळी ठिपका टेस्टिंगवरून परत असेंब्लीवर आला, आणि गुरुवार अगदी तोंडावर, त्या सकाळी माझं डोकं फिरलं. फोन लावला आणि सुटलो. म्हटलं, "अहो, तुम्ही मशीन बांधताय की धरण? माझं पोट आहे त्याच्यावर! एवढा वेळ तुम्ही करता तरी काय?"

  तिकडून आवाज आला, "सावकाश बोला... तुमचं मशीन ना... झालं होतं की... कधीच झालं होतं..."

"काय?"

"पहिल्या आठवड्यातच... खोक्यात भरलं, पट्टी मारली... तुम्ही कूलर म्हणालात... पट्टी काढली. कूलर बदलला म्हणजे सगळं सुटं करावं लागतं... परत दिवसरात्र चालवून बघावं लागतं, तापतंय का... मग परत भरलं, पट्टी मारली... तुम्ही रॅम म्हणालात..."

मंडळी, मी खुर्चीत बसलो. मला ती खिडकी आठवली, डावीकडे घेतलेली. ती अंधारात बसलेली बाई आठवली. आयुष्यभर ज्या तीन शब्दांना मी शिव्या घातल्या, ते तीन शब्द मी या माणसाच्या डोक्यावर रोज आपटत होतो, आणि हा बिचारा निमूटपणे पट्टी काढत होता आणि पट्टी मारत होता! लाज वाटली हो. खरंच वाटली.

मी म्हटलं, "आता काही बदलायचं नाही. जसं आहे तसं पाठवा. बुधवारपर्यंत मिळेल?" म्हणाला, "मिळेल... तुमचा फोन नाही आला तर मिळेल..."

घरात सभा झाली. बायकोनं माझा फोन काढून घेतला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. मेहुण्याला घरबंदी. म्हणजे त्याला सांगितलं, ये, पण तोंड उघडायचं नाही. तो आला, बसला, तोंड मिटून एक आवाज काढला, "हंऽऽ". मी ताडकन उठलो. "हं म्हणजे काय? बोल, हं म्हणजे काय?" बायको म्हणाली, "अहो, खोकला आला असेल त्याला!" दोन दिवस माझा जीव टांगणीला. गाडी थांबल्याचा आवाज आला की गॅलरीत. लिफ्ट वाजली की दारात. शेजारचे काका भाजी घेऊन येत होते, त्यांच्या हातातली पिशवी मी घेतली, म्हटलं, "सही कुठं करू?" काका तेव्हापासून जिन्यानं जातात.

आणि मंगळवारी दुपारी जुन्या मशीनवर ते पान उघडलं तर... ठिपका पुढच्या घरात गेलेला. टेस्टिंग नव्हे हो, 'रवाना'! मी किंचाळलो. आई देवघरात... नाही, आई स्वयंपाकघरात होती, तिच्या हातून पातेलं पडलं. बायको ऑफिसातून घरी आली तर मी तिला दारातच सांगितलं, "निघालं!" ती म्हणाली, "कोण?" कोण म्हणे!

आता इथं माझं चुकलं. पण तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? एवढा त्रास दिला त्या माणसाला, तो एका शब्दानं बोलला नाही, वेळेवर मशीन पाठवलं... माणुसकी म्हणून काही आहे की नाही? मी आईचा फोन घेतला. फक्त एवढं एकच बोलणार होतो, धन्यवाद! फोन लावला, म्हटलं, "मी बोलतोय, ते पांढरं कॅबिनेट... काही नाही हो, काही बदलायचं नाही! फक्त आभार मानायला केला. फार त्रास दिला तुम्हाला, माफ करा." तो म्हणाला, "हां... बरं... सावकाश..." मी फोन ठेवला. मन हलकं झालं. अंघोळ केली. बाहेर येऊन बघतो...

असेंब्ली सुरू आहे.

मला आधी दिसेनाच काय लिहिलंय ते. परत फोन. आता लपवायचं काय होतं? म्हटलं, "अहो, मी आभार मानले हो! आभार!"

"तेच ना..." तो म्हणाला, "मशीन हातात यायच्या आधी आभार कोण मानतं? इतकी वर्षं काम करतोय... कुणी मानले नाहीत. मला शंका आली... याला नक्की काहीतरी सांगायचंय आणि हा भिडेखातर सांगत नाही. गाडीत ठेवलेलं खोकं उतरवून घेतलं... उघडून सगळं परत बघतोय... सावकाश..."

चांगला माणूस आहे हो! तोच तर त्रास आहे!

आता बुधवार. मशीन येणार नाही, हे नक्की. बायको माझ्याकडे बघत होती, रागानं नाही, तेच तर वाईट. ती हळूच म्हणाली, "परत गेलात ऑफिसात तरी मी काही म्हणणार नाही." हे ऐकून मला जे झालं ना, ते सांगता येणार नाही. भीती वाटली मला. सरळ सांगतो, भीती वाटली. मी उठलो आणि जुन्या मशीनपुढे बसलो. झाडांसकट फिल्म त्याच्यानं होणार नव्हती, मग झाडं काढली. एकेक. स्वतः लावलेली. तरी फिल्म कधी पुरी होईल ते सांगणारं पडद्यावरचं घड्याळ दाखवतंय, पुढचा आठवडा. काचेतली प्रतिबिंबं काढली. बाकावरच्या बाईला उठवलं, म्हटलं, बाई, तुम्ही निघा. ढग काढले, रंग काढले, लाकूड काढलं, दगड काढला. उरलं काय? पांढऱ्या भिंती, पांढरा जिना, आणि त्यावर पडलेलं ऊन. नुसतं ऊन. साबणाची वडी दिसावी तशी इमारत! आणि घड्याळानं सांगितलं, होईल, गुरुवारी सकाळी होईल.

मग तुम्हाला सांगतो, त्या घरात माणसं कशी राहिली! मिक्सर बंद, इस्त्री बंद, गीझर बंद, न जाणो फ्यूज उडाला तर! आईनं पाट्यावर... छे, पाटा कुठला आता घरात, आईनं टोमॅटो सुरीनं चिरून चिरून त्याचा चिखल केला. बायको पंज्यांवर चालत होती. मी म्हटलं, "चालण्यानं लाइट जात नाही गं," ती कुजबुजत म्हणाली, "तुम्ही कुजबुजून का बोलताय मग?" दारावरची बेल बंद करून ठेवली. तर मेहुणा आला आणि बेल वाजेना म्हणून बाहेरच्या मीटरच्या पेटीचं झाकण उघडून बघायला लागला! बटणाला हात! मी दार उघडलं आणि असा झेप घेऊन त्याचा हात धरला की तो म्हणाला, "भावोजी, मी नुसतं बघत होतो!" म्हटलं, "बघूसुद्धा नकोस! जगात काहीही बघू नकोस!"

सकाळी मशीन घरघरलं, थरथरलं, पडदा काळा झाला. संपलं, वाटलं. आई म्हणाली, "गेलं का रे?" मी माऊस हलवला... आणि पडदा उजळला. फिल्म तयार. बाईंना पाठवली. पाठवली, बायकोच्या पर्समधून माझा फोन परत घेतला आणि लगेच जुन्या साहेबांचा नंबर काढून ठेवला, तोंडपाठ करत बसलो काय बोलायचं ते. 'साहेब, ती खुर्ची...' एवढं म्हणून पाहिलं, पुढचा शब्द येईना.

दिवसभर फोन नाही. शुक्रवारी सकाळी लिफ्ट वाजली, आणि आलं! खोकं! माझ्या छातीएवढं! दोन माणसांनी उचलून आणलं. 'सावकाश'नं त्याला इतकी पट्टी मारली होती की खाली पुठ्ठा आहे की नाही कळेना. मी त्याच्याभोवती एक फेरी मारली, मला रडावं की हसावं कळेना, धाप लागली म्हणून त्याच्यावरच टेकलो, आणि तेवढ्यात फोन. आर्किटेक्टबाई! म्हटलं, आटोपला कारभार.

"अहो, ऐका! समिती वेडी झाली हो! बाकीचे लोक इतकी झाडं लावतात, इतकी माणसं बसवतात, इमारत शोधावी लागते. तुमच्यात नुसती इमारत दिसली! अध्यक्ष म्हणाले, याला म्हणतात साधेपणा. वाचनालय पास, पुढची शाळा तुमची, दवाखाना तुमचा, सगळी कामं तुमची! सगळं असंच करायचं, अगदी असंच, एक पान नको मला. आणि हो, फक्त एवढं एकच, तुमच्याकडे फॅनपुढे ठेवलेलं बघितलं होतं ना मी, तेच जुनं मशीन वापरा हं! मी बघितलंय, तुम्ही लोक नवं मशीन घेतलंत की झाडं लावत सुटता. घेणार तर नाही ना तुम्ही नवं बिवं?"

खोक्यावर बसूनच बोलत होतो.

म्हटलं, "छे हो बाई... कशाला घेतोय!"